जुना चित्रपट किती चांगला? आवडीच्या मोजमापाचा आढावा

ऑक्टोबर २०२२मध्ये चित्रपट समीक्षकांच्या ‘फिप्रेसी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेने आपल्या तीस सदस्यांची गुप्त मतं घेतली आणि सर्वोत्तम दहा भारतीय चित्रपटांची यादी जाहीर केली. पहिला ‘पथेर पांचाली’, दुसरा ‘मेघे ढाका तारा’, तिसरा ‘भुवन शोम’. पुढे मल्याळम ‘एलिप्पथायम’ होता, कन्नड ‘घटश्राद्ध’ होता आणि दहाव्या जागी ‘शोले’. मराठी चित्रपट एकही नव्हता. त्याआधी २०१३मध्ये, भारतीय सिनेमाची शंभरी साजरी होत असताना, सीएनएन-आयबीएन वाहिनीने प्रेक्षकांचा कौल घेतला होता. त्यात १९५७चा तेलुगू ‘मायाबाजार’ सगळ्यांच्या वर आला. समीक्षकांच्या दहांत तो नाही.

सोलापुरात बसून या दोन याद्या वाचताना वेगळंच काही जाणवतं. या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात. विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाच्या पिढ्या पूर्वभागात नांदल्या. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड सुरू होते. एका गल्लीत कुणाचा जीव एन. टी. रामाराव यांच्या कृष्णावर, कुणाचा राजकुमार यांच्या ‘बंगारद मनुष्य’वर, कुणाचा ‘पिंजरा’वर आणि कुणाचा ‘मुगल-ए-आझम’वर. यातला ‘चांगला जुना सिनेमा’ कोणता, हे ठरवायला कोणतं माप वापरायचं? गेल्या नव्वदेक वर्षांत निरनिराळी मापं पुढे आली. प्रत्येकाच्या मागे एक भूमिका आहे आणि तिला तिची कारणं आहेत. त्या भूमिका क्रमाने पाहून वाद आज कुठे उभा आहे, हे तपासण्याचा हा प्रयत्न.

आठवडे मोजण्याचा काळ

सर्वांत जुनं माप थिएटरवाल्यांचं. चित्रपट किती आठवडे चालला? ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या ‘सेंट्रल’मध्ये ५७ आठवडे चालला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये १३१ आठवडे चालल्याचं आजही अभिमानाने सांगितलं जातं. ‘सोंगाड्या’पासून (१९७१) दादा कोंडके यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. हे आकडे पोस्टरवर चिकटले की त्या काळात वेगळ्या परीक्षणाची गरज उरत नसे.

या मापाचे समर्थक सांगतात ते वजनदार आहे. तिकीट काढणारा माणूस खिशातले पैसे देतो, दुसऱ्यांदा देतो, घरच्यांना घेऊन येतो. यापेक्षा प्रामाणिक मत कोणतं? १८७०च्या दशकापासून कापडगिरण्यांवर जगलेल्या सोलापूरसारख्या शहरात पाळी सुटल्यावर तिकिटाच्या रांगेत उभं राहणाऱ्या कामगाराला मत नोंदवायची दुसरी जागा नव्हती. तो वर्तमानपत्राला पत्र लिहिणार नव्हता. त्याचं तिकीट हेच त्याचं मत.

आक्षेपही तितकेच खरे. एका थिएटरात १३१ आठवडे हा आकडा त्या थिएटरच्या खुर्च्या, तिकिटाचे दर, खेळांची संख्या आणि शहरात समोर कोणते चित्रपट होते यांवर अवलंबून असतो. सकाळच्या एका खेळावर ओढत नेलेले आठवडे आणि चार खेळ भरलेले आठवडे सारखेच मोजले जातात. पूर्वी प्रिंट मोजक्या निघत, त्यामुळे एक चित्रपट एका शहरात दीर्घकाळ राही. आता एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर लागून तीन आठवड्यांत उतरणाऱ्या चित्रपटाशी त्याची तुलना करायची कशी?

शिवाय गावोगावच्या जत्रांमधल्या तंबू थिएटरांचा प्रेक्षक या हिशोबात कधी आलाच नाही. ट्रकवर प्रोजेक्टर लादून या जत्रेतून त्या जत्रेत फिरणाऱ्या या टॉकीजनी जुन्या चित्रपटांना वर्षानुवर्षं नवे प्रेक्षक दिले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजचा अखेरचा काळ टिपला आहे. कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. त्या तंबूंत जमिनीवर बसलेल्या माणसांनी कोणत्या चित्रपटाला डोक्यावर घेतलं, याची नोंद ‘रौप्यमहोत्सव’ या शिक्क्यात नाही.

‘माहेरची साडी’ (१९९१) हा या वादाचा कायमचा मुक्काम. ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून विजय कोंडके यांनी तो केला. बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून बायका पाहायला आल्या आणि जाणकारांनी त्याला रडका म्हणून बाजूला सारलं. आज तीस-पस्तीस वर्षांनंतरही दोन्ही मतं जागची हललेली नाहीत. मला इथे प्रेक्षकाच्या बाजूने एक म्हणावंसं वाटतं. अलका कुबल यांच्या पात्रासाठी रडणाऱ्या बायका एका नटीसाठी रडत होत्या, एवढंच समजून त्या गर्दीचा निकाल लावला, तर त्या काळच्या घरांबद्दलचा एक मोठा पुरावा हातचा जातो. चित्रपट कलाकृती म्हणून कितपत उभा राहतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही खरं.

जाणकारांची बाजू

आठवड्यांच्या मापावर पहिली जोरदार हरकत घेतली ती लिहिणाऱ्यांनी. पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल १९३५पासून ‘फिल्मइंडिया’त निर्भीड परीक्षणं लिहू लागले. पण दृष्टी घडवण्याचं खरं काम पुढे फिल्म सोसायट्यांनी केलं. १९४७ची कलकत्ता फिल्म सोसायटी, १९५९चं फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज आणि मुंबईत १९६८चं ‘प्रभात चित्र मंडळ’ हा त्याचा प्रवास. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे चित्रपट जमवले आणि प्रा. सतीश बहादूर यांनी ते पाहायचे कसे हे शिकवलं. रसास्वाद शिबिरांतून परतलेल्या अनेकांनी गावी जाऊन मंडळं काढली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आवडणं आणि चांगलं असणं या दोन गोष्टी आहेत. चित्रचौकट, संकलन, ध्वनी, अभिनय यांची भाषा कळल्याशिवाय केलेलं मूल्यमापन कथेपाशी थांबतं. ‘कुंकू’ (१९३७) घ्या. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, जरठ-कुमारी विवाहाचा विषय घेणारा चित्रपट म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो. पण दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यात बाहेरून लादलेलं पार्श्वसंगीत जवळजवळ टाळून घरातल्या घड्याळाच्या, वस्तूंच्या आवाजांवर प्रसंग तोलले, हे कुणी दाखवून दिल्यावरच ऐकू येऊ लागतं. अरुण खोपकर यांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ वाचल्यावर ‘प्यासा’तला उजेड-अंधार दुसऱ्यांदा दिसतो. गीता कपूर यांनी ‘संत तुकाराम’ आणि सत्यजित राय यांचा ‘देवी’ एकत्र ठेवून लिहिलेल्या निबंधाने ‘संतपट’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या चित्रपटाला गंभीर चर्चेत आणलं. जाणकारांचं काम गुण देण्यापेक्षा हे असं नजर देण्याचं आहे, आणि त्याची किंमत मी फार मोठी मानतो.

पुरस्कार हा याच बाजूचा सरकारी अवतार. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीकडे परत यायला ‘श्वास’ची वाट पाहावी लागली, म्हणजे अर्धं शतक. या पन्नास वर्षांत ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ होऊन गेले. हे चारही डॉ. जब्बार पटेल यांचे. त्यांचा जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापूरची. ‘सामना’ १९७५च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. सर्वोच्च पदक नसलेले हे चित्रपट आज मराठीतल्या जाणकारांच्या याद्यांत हमखास असतात आणि पदकं मिळालेले कितीतरी चित्रपट विसरले गेले.

जाणकारांच्या याद्याही स्थिर नसतात. ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाची दर दहा वर्षांनी होणारी पाहणी त्याचा उत्तम दाखला आहे. १९५२मध्ये पहिला ‘बायसिकल थीव्ह्ज’. ‘सिटिझन केन’ तेव्हा पहिल्या दहांतही नव्हता, मग १९६२पासून २००२पर्यंत तोच पहिला. २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’. २०२२मध्ये मतदार साडेआठशेच्या आसपासवरून सोळाशेच्या वर गेले, त्यात तरुण, स्त्रिया, युरोप-अमेरिकेबाहेरचे लोक वाढले आणि शांताल आकरमन यांचा १९७५चा ‘जान डीलमन’ शिखरावर गेला. काहींना हा दुरुस्त झालेला अन्याय वाटला, काहींना काळाच्या वाऱ्यामागे जाणं. यातून एवढं मात्र दोन्ही पक्षांना मान्य करावं लागलं की मतदार बदलले की ‘श्रेष्ठ’ बदलतो. मग फिप्रेसीच्या तीस मतदारांतले किती जण मराठी चित्रपट मूळ भाषेत पाहणारे होते, हा प्रश्न रास्त ठरतो. इंग्रजी उपशीर्षकं असलेली चांगली प्रत नसेल तर ‘साधी माणसं’ किंवा ‘जगाच्या पाठीवर’ हे बंगळूरच्या किंवा कोलकात्याच्या समीक्षकापर्यंत पोहोचणार कसे?

आठवणींचं राज्य

तिसरी बाजू कुणी सिद्धान्त म्हणून मांडत नाही, पण घराघरात तीच चालते. ‘आमच्या वेळचे सिनेमे’. स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवलं आहे की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त आणि सर्वांत ठळक येतात. त्या वयात पाहिलेला चित्रपट पुढे चित्रपट राहत नाही. तो पहिल्या नोकरीचा, बहिणीच्या लग्नाचा, मोडलेल्या मैत्रीचा भाग होतो. शिरीष कणेकरांचं जुन्या हिंदी चित्रपटांवरचं लेखन मराठी वाचकांनी इतकं मनापासून वाचलं, त्याचं कारण हेच असावं. त्यांच्या आवडीत त्यांचं तारुण्य उघडपणे मिसळलेलं होतं आणि वाचकाला त्यात आपलं सापडत होतं.

या बाजूवर नेहमीचा आरोप असा की ती परीक्षण करतच नाही. पण दूरचित्रवाणीने इथे मोठी गुंतागुंत केली आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट हा पुढच्या दीड-दोन दशकांत लाखो घरांचा नेम बनला. ‘लाखाची गोष्ट’ किंवा ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२) यांच्यावर प्रेम करणारी एक पिढी त्यांच्या प्रदर्शनानंतर जन्मलेली आहे. तिची आठवण थिएटरची नाही, सतरंजीवर बसून पाहिलेल्या छोट्या पडद्याची आहे. म्हणजे जुन्या चित्रपटाची ‘आवड’ अंशतः कार्यक्रम ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या निवडीतून घडली.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे सर्वांत बोलकं उदाहरण. हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) बेतलेला हा विनोदी चित्रपट तेव्हाही चांगला चालला. पण मराठीतला सर्वांचा लाडका चित्रपट हे आजचं स्थान त्याला नंतर मिळालं. २००७ला सुरू झालेल्या ‘झी टॉकीज’सारख्या वाहिन्यांनी तो अखंड दाखवला, तोंडपाठ संवाद फोनवरून फिरू लागले आणि चित्रपटानंतर वीस वर्षांनी जन्मलेली मुलं ते म्हणू लागली. हे स्थान गुणांनी मिळालं की पुनरावृत्तीने? माझं मत गुणांकडे झुकतं. कारण त्याच वाहिन्यांनी तितक्याच वेळा दाखवलेले पुष्कळ चित्रपट तसे रुजले नाहीत. त्याची पटकथा-संवाद वसंत सबनीसांचे, आणि ‘सोंगाड्या’मागेही तेच होते. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या लेखकाचे हे दोन्ही चित्रपट. तरी एक आज घरात सर्वांनी मिळून पाहायचा ठरला आणि दुसरा बराच काळ पिटातला मानला गेला. या फरकात गुणवत्तेइतकाच मध्यमवर्गीय संकोच आहे, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

ताऱ्यांचं गणित

तारे देऊन परीक्षण लिहिण्याची रीत १९२८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये सुरू झाली आणि पुढे जगभर गेली. १९९०मध्ये जन्मलेल्या आयएमडीबीने त्याला दहापैकी गुणांचं रूप दिलं आणि गुण देण्याचा हक्क कुणालाही दिला. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ती दरवाजा उघडते. सांगोल्याचा विद्यार्थी आणि शिकागोचा प्राध्यापक यांचं एकेक मत समोरासमोर येतं.

पण सरासरी काढताना एक अडचण असते. पाच जणांनी दहापैकी दहा दिले म्हणून चित्रपट जगात पहिला ठरू नये, यासाठी कमी मतांच्या चित्रपटाचे गुण एकंदर सरासरीकडे ओढले जातात. समजा, सगळ्या चित्रपटांची सरासरी साडेसहा आहे आणि तोल सांभाळायला हजार मतांचं वजन धरलं. एका जुन्या मराठी चित्रपटाला दोनशे जणांनी सरासरी साडेआठ दिले, तर हिशोबाने तो ६.८वर येतो. पन्नास हजार जणांनी ७.८ दिलेला चित्रपट मात्र जवळजवळ जागेवरच राहतो. सूत्रात कपट नाही, संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्यांचे चाहते साठी-सत्तरीचे, गुण नोंदवण्याच्या फंदात न पडणारे आहेत, ते चित्रपट त्यात कायम मागे पडतात. श्रेष्ठ यादीसाठी हजारो मतांची किमान अट असते, त्यामुळे १९६०पूर्वीचा मराठी चित्रपट तिथे दिसणं जवळपास अशक्य.

नव्या डोळ्यांनी पाहणं

गेल्या तीस-चाळीस वर्षांत एक बाजू अशी उभी राहिली आहे, जिला ‘कितवा नंबर’ हा प्रश्नच दुय्यम वाटतो. ती विचारते, हा चित्रपट कुणाच्या नजरेतून सांगितला आहे?

‘पिंजरा’ (१९७२) त्यात नेहमी येतो. संध्या, डॉ. श्रीराम लागू, राम कदमांचं संगीत यांची मोहिनी कुणी नाकारत नाही. पण तमाशातली बाई आदर्श गुरुजींना रसातळाला नेते, या कथेत तमाशा कलावंतांचं जगणं कुठे आहे, असा आक्षेप आहे. उलट बाजूने सांगितलं जातं की चित्रपटाचा खरा रोख गावाच्या देवपूजेवर आहे. गुरुजी मेले असं समजून त्यांचा पुतळा उभारणारं गाव हाच त्याचा विषय. दोन्ही वाचनं चित्रपटात आधार शोधू शकतात. अभिनेत्री हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७०मध्ये आलं आणि त्याच नावाच्या चित्रपटाकडे पाहण्याची रीत कायमची बदलली. पडद्यावरच्या ठसक्यामागे काय सोसलेलं असतं, हे वाचकाला कळलं होतं. सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब संगीत बारीच्या कलाकेंद्रासाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. तिथल्या कलावंतांना मराठीतले तमाशापट कसे वाटतात, हे कुठल्याही यादीने, शिबिराने वा पुरस्कार समितीने विचारलेलं माझ्या वाचनात नाही. या सगळ्या वादातली ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

‘कुंकू’च्या शेवटाबद्दलही असंच. केशवराव दाते यांचा म्हातारा नवरा शेवटी स्वतःला संपवून नीरेला मोकळं करतो. १९३७मध्ये हे धाडस होतं. आज विचारलं जातं की तिची सुटका तिच्या लढ्यातून झाली की त्याच्या पश्चात्तापातून? जुन्या चित्रपटावर आजची मूल्यं लादू नयेत, असं एक उत्तर येतं. दुसरं असं, की शांता आपटेंनी साकारलेली नीरा शेवटापर्यंत इतकी ताठ उभी आहे की प्रश्न चित्रपटानेच आपल्या हाती दिला आहे.

आणि सोलापूरकरांचा स्वतःचा चित्रपट, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६). डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१०ला इथे जन्मले. १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथे क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक शहरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून शांताराम यांनी चित्रपट केला, स्वतः कोटणीस झाले, जयश्री त्यांच्या चिनी पत्नी झाल्या, वसंत देसाईंनी संगीत दिलं.

या चित्रपटाला गुण कशाचे द्यायचे? चरित्र म्हणून पाहिलं तर त्यात घटना रंगवल्या आहेत. कारागिरी म्हणून पाहिलं तर ‘राजकमल’चं काम उत्तम आहे, पण भारतीय नटांनी केलेली चिनी पात्रं आजच्या प्रेक्षकाला खटकतात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या देशाने दुसऱ्या देशाच्या लढ्याकडे कसं पाहिलं, याचा दस्तऐवज म्हणून तो अनमोल आहे. १९६२च्या युद्धानंतर तो पाहणाऱ्याच्या मनात आणखी काही मिसळलं असणार. आणि सोलापूरच्या घरात वाढलेल्या मुलाची गोष्ट म्हणून इथल्या माणसाला तो आवडतो, ती आवड कोणत्याही खान्यात बसत नाही. मला स्वतःला हा चित्रपट मध्यम वाटतो आणि अत्यंत महत्त्वाचा वाटतो. एका आकड्यात हे दोन्ही मावत नाही.

अशीच गोष्ट सोलापुरात जन्मलेल्या अभिनेत्री शशिकला यांची. ‘आरती’ आणि ‘गुमराह’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, दोन्ही भूमिका नकारात्मक. त्या काळच्या प्रेक्षकांनी त्यांचा राग राग केला, म्हणजे कामाला दाद दिली. आता त्या बायकांना ‘वाईट’ ठरवणारी पटकथाच तपासली जाते. या वाचनाला जात, वर्ग यांची धार अलीकडे आली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) पाहिल्यावर आधीच्या ग्रामीण चित्रपटांतलं गाव अनेकांना अपुरं वाटू लागलं. नवा चित्रपट जुन्याचे गुण मागे जाऊन बदलतो, हे इथे प्रत्यक्ष दिसलं.

काय पाहिलं, कोणती प्रत?

वरच्या सगळ्या बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की चित्रपट पाहायला मिळतो. हे गृहीतच कच्चं आहे. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण वा तुकड्यांत उरलेले तीसच्या आसपास. बाबूराव पेंटर यांचा कोल्हापुरात बनलेला ‘सावकारी पाश’ (१९२५) भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानला जातो. तरुण शेतकऱ्याचं काम शांताराम यांनी केलं होतं. तो मूकपट आज अस्तित्वात नाही. त्याची थोरवी पाहिलेल्यांच्या शब्दावर टिकून आहे. ती ग्राह्य धरायची का? इतिहासकार होय म्हणतात. पडद्यावर जे दिसतं त्यावरच बोलायचं असा दंडक पाळणारे समीक्षक नाही म्हणतात. जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला लागलेल्या आगीत ‘प्रभात’च्या मूळ फिती जळाल्या. प्रती उरल्या, पण मूळ फितीवरून नवी स्वच्छ प्रत काढायची वाट बंद झाली. छायाचित्रणाचे गुण आता आपण मूळ छायाचित्रणाला देतो की झिजलेल्या प्रतीला, हे ‘प्रभात’बद्दल बोलताना दर वेळी विचारायला हवं.

उलट, दुरुस्त केलेल्या प्रतीने मूल्यमापन कसं उजळतं, तेही दिसतं आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सांभाळलेला ‘मंथन’ २०२४मध्ये कानला दाखवला गेला आणि ‘घटश्राद्ध’ व्हेनिसला. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून मोठ्या संख्येने चित्रपटांचं काम हाती घेतलं गेलं आहे. कोणते आधी, हे ठरवतानाच उद्याची श्रेष्ठ यादी अर्धी ठरते, आणि तिथे निकष काय असावा यावर एकमत नाही. रंग भरण्याचाही वाद आहे. ‘मुगल-ए-आझम’ २००४मध्ये आणि ‘मायाबाजार’ २०१०मध्ये रंगीत होऊन आले. नव्या प्रेक्षकाला ते भावले, मूळ कृष्णधवल छायाप्रकाशाची शिस्त मानणाऱ्यांना ती मोडतोड वाटली. २०१३च्या कौलात ‘मायाबाजार’ला मत देणाऱ्यांपैकी कुणी कोणता पाहिला होता, हे कौल सांगत नाही.

न सुटलेलं

काही मुद्द्यांवर आता फारसा वाद उरलेला नाही. आठवड्यांनी लोकप्रियता कळते, दर्जा कळेलच असं नाही. जाणकारांची नजर लागतेच, पण ती कुणाची याचा हिशोब ठेवावा लागतो. सरासरीचा आकडा भाषा आणि वय यांनी वाकतो.

उघडे प्रश्न मात्र पुष्कळ आहेत. हरवलेल्या चित्रपटाला यादीत जागा द्यायची का? ‘आवडता’ आणि ‘श्रेष्ठ’ यांच्या वेगळ्या याद्या कराव्यात की दोन्हींमधली ओढाताण एकाच यादीत दिसू द्यावी? मराठीतला जुना चित्रपट मराठीपुरता तोलायचा की ‘मेघे ढाका तारा’शेजारी ठेवून? मी शेजारी ठेवण्याच्या बाजूचा आहे. त्यात ‘संत तुकाराम’ला भिण्याचं कारण नाही, मात्र ज्यांना ती कसोटी अनाठायी वाटते, ते प्रादेशिक संदर्भ हरवण्याची भीती व्यक्त करतात आणि ती भीती खोटी नाही.

माझ्या दृष्टीने तातडीचं काम यादी करण्याआधीचं आहे. मत नोंदवताना पाहणाऱ्याचा ठावठिकाणा त्याला जोडून ठेवणं: कोणत्या साली पाहिला, कुठे, कोणत्या प्रतीत, घरात कोणती भाषा बोलत होते, पुन्हा पाहिल्यावर मत बदललं का. सोलापूर यासाठी उत्तम जागा आहे. इथे सत्तरीतला निवृत्त गिरणी कामगार, पूर्वभागात तेलुगू चित्रपटांवर वाढलेली विडी कामगार बाई, अक्कलकोट रस्त्यावरचा कन्नड बोलणारा दुकानदार आणि ‘भागवत’ थिएटरमध्ये पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहिलेले उर्दू शाळेतले शिक्षक एकाच शहरात भेटतात. त्यांची मतं टेपवर घ्यायला विद्यापीठाचा एखादा विभाग, एखादं वाचनालय, एखादा ध्वनिमुद्रक पुरेसा आहे. एक पडद्याची थिएटरं बंद होत चालली आहेत, त्यांत तिकीट फाडणारे, प्रोजेक्टर चालवणारे लोक म्हातारे झाले आहेत. कोणत्या चित्रपटाला कोणत्या रिळापाशी शिट्ट्या पडत आणि कोणत्या रिळापाशी लोक उठून जात, हे त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत आहे. आजवरच्या एकाही मापात त्यांची साक्ष आलेली नाही, आणि ती घेण्याची मुदत फार उरलेली नाही.